पोळ्याच्या दिवशी बैलाला मारत नाहीत

आमच्या बैलाच्या शिंगांना बांगड्या बांधल्या होत्या. हिरव्या, काचेच्या. सुतळीनं घट्ट आवळलेल्या. बैलानं मान हलवली की त्या खुळखुळायच्या आणि सगळं गाव हसायचं.

अंजनगाव सुर्जीच्या अलीकडे आमचं गाव. मारुतीच्या देवळासमोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं आणि तोरणाखाली सगळ्यांच्या जोड्या रांगेत उभ्या होत्या. पुढे मानाची जोडी, म्हणजे भाऊसाहेबांची. मागे बाकीचे. सगळ्यात शेवटी आम्ही माळी. मी तेव्हा अकरा वर्षांचा. कासरा बाबांच्या हातात होता आणि मी बैलाच्या पुठ्ठ्याला टेकून उभा होतो.

आमच्याकडे पोळ्यात झडत्या म्हणतात. एकानं चार ओळी जोडायच्या, कुणाची तरी फिरकी घ्यायची आणि शेवटी सगळ्यांनी महादेवाचा गजर करायचा. त्या वर्षी झडती आमच्यावर होती.

"झेंडूच्या वाफ्यात नांगर चाले नाई,
माळ्याच्या घरात हुकूम चालवे बाई,
लेक आली परत, बाप बोले नाई,
बैलाच्या शिंगाले बांगडी बांधा गा भाई!"

म्हणणारा भाऊसाहेबांचा गडी होता. भाऊसाहेब नुसते मिशीत हसत होते. मोठी माणसं स्वतः शिवी देत नाहीत, त्यासाठी माणूस ठेवतात. हे मला तेव्हा कळलं नाही. तेव्हा मला एवढंच दिसलं की गजर झाला आणि माझा बापही हसला.

कारण आमच्या घरात होतं. आठ दिवसांपूर्वी माझी मोठी बहीण सासरहून परत आली होती. उजवं मनगट मोडलेलं. नवऱ्यानं दाराच्या फळीत धरून पिरगाळलं होतं. भाऊसाहेबांनी बाबांना वाड्यावर बोलावलं. "लेक एकदा दिली का ते त्यायची झाली. उद्या गाडीत बसवून दे." बाबा म्हणाले, "हात सुदरू द्या तिचा, भाऊसाहेब. मंग पाहू." एवढंच. ना भांडण ना उलट उत्तर. पण गावाला कळायचं ते कळलं. माळ्यानं हुकूम मोडला. सरळ मोडला असता तर त्याला मारता आलं असतं. असा हात जोडून मोडला म्हणून बांगड्या.

तोरण तुटलं. जोड्या घराकडे पळाल्या. आमचा बैल खुळखुळ वाजत सगळ्या गावातून गेला आणि त्याच्यामागे मी मान खाली घालून.

दारात माय पूजेचं ताट घेऊन उभी होती. तिनं बैलाचे पाय धुतले, कुंकू लावलं, पुरणपोळी चारली. मग विळ्यानं सुतळी कापली, बांगड्या पाण्यानं धुतल्या आणि हातात चढवल्या.

मी ओरडलो, "माय! शिवी हाय ते! कावून घालतं?"

तिनं हात उजेडात धरून पाहिला. म्हणाली, "काच चांगला हाय. शिवी त्यायची, बांगड्या माह्या." पुढे म्हणाली, "बांगडी जर शिवी असन, तं मंग मी रोज शिवीच घालून फिरतो का रे?"

मी तिच्याशी बोललो नाही. बाबांशी तर कित्येक दिवस बोललो नाही. मला त्या दोघांची लाज वाटली. आणि ताईचा राग आला. मनगट मोडणाऱ्याचा नाही, मोडलेलं मनगट घेऊन घरी येणारीचा. अकरा वर्षांच्या पोराला कुणाचा राग धरायचा हे कोण शिकवतं? कुणी पुस्तक उघडून शिकवत नाही. चार ओळींची झडती पुरते.

ताईचा हात वाकडाच जुळला. ती डाव्या हातात सुई धरायला शिकली, दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवायची आणि हार ओवायची. पहाटेच्या एसटीनं टोपल्या घेऊन अकोल्याच्या फुलबाजारात जायची. दर पोळ्याला भाऊसाहेब बाबांना विचारायचे, "पाठवत नाई का पोरीले?" बाबा दर वर्षी म्हणायचे, "हात सुदरू द्या." मला वाटायचं, बाप भित्रा आहे. बहाणे करतो.

तोपर्यंत मी हार ओवायचं सोडलं होतं. बायकांचं काम. फुलांचा वास अंगाला नको म्हणून मी लाइफबॉयनं हात घासायचो.

भाऊसाहेबांच्या मुलाला सगळे दादा म्हणायचे. त्यानं सुर्जीला तालीम काढली. एक दिवस रस्त्यात त्याची बुलेट थांबली. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू त्या माळ्याचा ना? अंग चांगलं हाय तुहं. तालमीत ये. बापासारखा नको होऊ." आमच्या खांद्यावर त्या घरातल्या कुणी हात ठेवला, असं पहिल्यांदाच घडत होतं. मी दुसऱ्या दिवशी गेलो. आज कुणी माझ्या खांद्यावर हात ठेवला की त्याचा दुसरा हात कुठे आहे हे मी आधी पाहतो. तेव्हा पाहिलं नाही.

तालमीत दर शनिवारी नारळ फुटला की रांग लागायची. आम्ही पोट्टे उघड्या अंगानं उभे. दादा एका टोकाकडून सुरू करायचा आणि प्रत्येकाच्या गालावर सणसणीत थापड द्यायचा. नियम एकच. पापणी हलायला नको. हलली की रांगेबाहेर. बाहेर गेलेल्याला सगळे मिळून "वहिनी" म्हणायचे. आठवडाभर तो वहिनी.

मी पहिल्या शनिवारी वहिनी झालो. दुसऱ्या शनिवारीही. मग मी एका दोस्ताला घेऊन केळीच्या बागेत जायचो आणि त्याला म्हणायचो, मार. तो मारायचा. मग मी त्याला. दोघं ओक्साबोक्शी रडायचो आणि पुन्हा मारायचो. एकदा मायनं सुजलेला गाल पाहिला. हळद उगाळत विचारलं, "कोनं मारलं?"

"कोनी नाई."

"मंग गाल कायनं फुगला?"

"मर्द बनून राह्यलो."

"मर्द काय गालावर उगवते?" असं म्हणून तिनं हळद थापली. मी ती पुसून टाकली.

शेवटी जमलं. पापणी हलेनाशी झाली. दादानं मला मिठी मारली, सगळ्यांसमोर म्हणाला, "हा खरा मर्द." खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला आभाळ ठेंगणं झालं होतं. घरी आलो ते छाती काढून. ताई अंगणात हार ओवत बसली होती, तिची टोपली मी पायानं उलटी केली. कारण काही नव्हतं. मर्द झालो होतो, ते कुठेतरी करून पाहायला हवं होतं. ती वाकड्या हातानं फुलं गोळा करायला लागली.

एक गोष्ट मात्र तेव्हाही डोक्यात खुपायची. दादाचा धाकटा भाऊ माझ्याच वयाचा होता. तो रांगेत कधी उभा राहिला नाही. तो पुण्याला शिकत होता. सुटीत यायचा, खुर्चीत बसून आमची रांग पाहायचा. गालावर मारून मर्द होत असेल, तर हे औषध घरच्या पोराला का नाही? हा प्रश्न मी कुणाला विचारला नाही. विचारला असता तर वहिनी झालो असतो.

तालमीतले पोट्टे मोठे झाले आणि कामाला लागले. कुणाचा बोर्ड फाडायचा, कुणाचं दुकान बंद पाडायचं, जातीबाहेर लग्न केलेल्या पोराला कुठे गाठायचं. दादा हुकूम द्यायचा नाही. फक्त विचारायचा, "मर्द कोन हाय इथं?" आणि हात वर व्हायचे. केसेस पडल्या त्या हात वर करणाऱ्यांवर. कागदावर दादाचं नाव कधीच नसायचं. मला गाडी चालवता यायची म्हणून मी वाचलो. दादानं अमरावतीला कार्यालय टाकलं तेव्हा मी त्याचा ड्रायव्हर झालो.

ड्रायव्हरसमोर आरसा असतो. मागं बसलेल्याला वाटतं, ह्याचं लक्ष रस्त्यावर आहे.

एकदा आम्ही अमरावतीहून अकोल्याला सभेला निघालो होतो. वाटेत मुंबईहून एका मोठ्या साहेबाचा फोन आला. आवाज मला ऐकू येत होता. साहेब आयमाय काढत होता. दादा म्हणत होता, "हो साहेब. चुकलं साहेब. नाही साहेब." आवाज एकदम शुद्ध आणि नरम. मी आरशात पाहिलं. दादाची पापणी फडफडत होती. एकसारखी. एखाद्या नव्या पोट्ट्याची फडफडते तशी.

मूर्तिजापूरला चहाला थांबलो. टपरीवाल्यानं साखर जास्त टाकली. दादानं त्याच्या कानाखाली आवाज काढला. मुंबईहून आलेली थापड मूर्तिजापूरला पोचती झाली होती. टपरीवाला म्हातारा होता, बाबांच्या वयाचा. त्यानं कप उचलला आणि दुसरा चहा केला. घरी जाऊन तो कुणाला मारणार होता, कोण जाणे. त्या दिवसापासून मी ह्या माणसाच्या प्रत्येक शब्दाकडे संशयानं पाहायला लागलो. शाबासकीकडे तर जास्तच.

मग गेल्या पोळ्याच्या आधीची गोष्ट. दादानं मला परतवाड्याला गाडी घ्यायला लावली. तिथून अचलपूरच्या बाजूला एका कासाराच्या दुकानासमोर थांबवली. स्वतः उतरला. "तुह्या वहिनीसाठी," म्हणाला. हिरव्या काचेच्या बांगड्या काढल्या. कासारानं विचारलं, "माप?" दादा म्हणाला, "कोनतंबी द्या."

मी पुडकं हातात घेऊन गाडीत ठेवलं. वहिनी काच घालत नाहीत, सोनं घालतात. ते एक. आणि माप न सांगता बायकोला बांगड्या कोण घेतो? सगळ्या रस्त्यानं ते पुडकं मागच्या सीटवर खुळखुळत होतं. मला अंदाज येत होता. पण ते कुणासाठी हे काही कळेना.

पोळ्याच्या दिवशी दुपारीच ताईचा नवरा गावात आला. दादाच्या दुसऱ्या गाडीतून. तो आता दर्यापूरकडच्या त्याच्या गावात सरपंच व्हायला निघाला होता, दादाच्या गटाकडून. आणि त्याचे विरोधक विचारत होते, ज्याला बायको नांदवता आली नाही तो गाव काय नांदवणार? म्हणून बायको पाहिजे होती. जशी सभेला खुर्ची पाहिजे तशी.

तोरणाला झेंडूच्या माळा आमच्याच घरच्या. मान म्हणतात त्याला, फुकट द्यायचा. ताई टोपली घेऊन आली होती. माळा चढवून झाल्या आणि दादा देवळाच्या ओट्यावरून बोलला. समोर सगळ्या जोड्या, मागे तालमीचे पोट्टे.

"ताई, झालं गेलं सोड. जावई घ्यायले आले. बस गाडीत."

"नाई बसत," ताई म्हणाली.

"पंदरा वर्सात हात सुदरला नाई का तुहा?"

तिनं उजवा हात वर केला. वाकडा. सगळ्यांना दिसेल असा. "नाई सुदरला."

कुणी हसलं नाही. ते दादाला झोंबलं. तो माझ्याकडे वळला. आवाज अगदी मायेचा. तोच खांद्यावर हात ठेवतानाचा. "तुही बहीन हाय. भाऊ हायेस तू. एक ठेवून दे कानाखाली, आपोआप बसते. मर्द हाय ना बे तू?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. तिला खात्री नव्हती. हे मी कधी विसरणार नाही. माझ्या सख्ख्या बहिणीला खात्री नव्हती की मी मारणार नाही. तिनं टोपली छातीशी धरली आणि गाल थोडासा वळवला. मार चुकवायची सवय असलेल्या माणसासारखा.

तेव्हा रांगेच्या टोकावरून बाबा बोलले. म्हातारा झालेला माणूस, कासरा धरून उभा. आवाज चढवला नाही.

"दादा, आज पोळा हाय. आज बैलालेबी कोनी मारत नाई."

गावातल्या प्रत्येकाला हा नियम माहीत आहे. त्या दिवशी बैलाला तुतारी, म्हणजे खिळ्याची काठी, टोचत नाहीत, जू ठेवत नाहीत. आदल्या दिवशी त्याचे खांदे लोण्याहळदीनं शेकतात, त्याला जेवायचं आवतन देतात. आणि त्याच तोरणाखाली एका बाईला मारायचं ठरत होतं. माझ्या हातून. माझा बाप पंधरा वर्षं बहाणे करत नव्हता. तो पंधरा वर्षं नाही म्हणत होता. मला ते आत्ता ऐकू आलं.

"मी मारत नाई," मी म्हणालो.

दादानं मान हलवली. झडती म्हणणारा गडी पुढे आला. त्याच्या हातात पुडकं होतं. परतवाड्याहून मीच गाडीत ठेवलेलं. माप नसलेलं. म्हणजे ह्यांना आधीच ठाऊक होतं की मी नाही म्हणू शकतो, आणि त्याची सोय आधीच करून ठेवली होती. लहानपणापासून मला वाटायचं, त्या पोळ्यात लोकांना राग आला आणि त्यांनी बांगड्या बांधल्या. बैलांच्या गर्दीत ऐनवेळी बांगड्या येतात कुठून? कुणीतरी दुकानात जाऊन, निवडून, कागदात बांधून आणल्या होत्या. ते थंड डोक्यानं केलेलं काम होतं.

मी पुडकं गड्याच्या हातून काढून घेतलं. म्हणालो, "ह्या मीच आणल्या दादासंगं. वहिनीसाठी म्हने."

दादाची थापड तेव्हा बसली. तालमीतलीच. पुरी ताकद लावलेली. पुडकं हातातून पडलं, काही बांगड्या फुटल्या.

मागून आवाज आले. "मार ना बे! तूबी मार!" माझेच तालमीचे पोट्टे. हात शिवशिवत होता, नाही कसं म्हणू. पण मला आता प्रत्येक आवाजाचा संशय यायला लागला होता. बहिणीला मारलं तर मी त्याचा. त्याला मारलं तर केस माझ्यावर, साक्षीदार सगळं गाव. दोन्ही रस्ते त्यानंच आखलेले. दोन्हीकडे मर्दच व्हायचं होतं.

माझी पापणी हलली होती. डोळ्यांत पाणी आलं होतं. मी ते थांबवलं नाही. आणि जे त्या रांगेत कुणी कधी म्हणालं नव्हतं ते म्हणालो.

"लागलं मले."

"काय?" दादाला खरंच कळलं नाही.

"लागलं, दादा. तालमीतबी लागे. दर शनिवारी लागे."

 बैलांच्या घुंगरांचा काय तो आवाज. तालमीतल्या एकाचा हात त्याच्या गालाकडे गेला. की तो घाम पुसत होता? मला ठाऊक नाही. मी त्यावर विश्वास टाकत नाही. नंतर त्यांच्यातला एकही जण आमच्या घरी आला नाही.

आम्ही घरी आलो. ताई, बाबा, बैल आणि मी. नोकरी गेली हे सांगायला कुणाची गरज नव्हती. मायनं पूजा केली, बैलाला जेवू घातलं. मग माझ्या गालाला हळद लावली. ह्या वेळी मी पुसली नाही. मी येताना फुटक्या आणि धड बांगड्या रुमालात बांधून आणल्या होत्या. मला वाटलं, माय पुन्हा धुऊन घालेल. तिनं पाहिल्या आणि म्हणाली, "ह्या नाई घालत. ठेव. दाखवाले लागतीन."

दुसऱ्या दिवशी मी आणि ताई ठाण्यात गेलो. जमादारानं ऐकून घेतलं आणि हसला. "थापड खाल्ल्याचा रिपोर्ट? एवढा मोठा गडी तू. लाज नाई वाटत? बाई हायेस का?"

ताई म्हणाली, "बाई मी हाय. मले जबरीनं गाडीत बसवत होते. माहाबी लिहा."

त्यानं दुपारपर्यंत बसवून ठेवलं. चहा प्याला, जेवून आला. आम्ही उठलो नाही. शेवटी त्यानं लिहून घेतलं. रुमाल टेबलावर सोडला तेव्हा म्हणाला, "ह्या बांगड्यायचं मी काय करू?" मी म्हणालो, "त्यायचंबी लिहा. कोनं घेतल्या, कुठून घेतल्या. मी सांगतो."

त्या तक्रारीचं पुढे काय होईल, मला माहीत आहे. साक्षीदार फिरतील. कदाचित फिरलेही असतील. मी कुणाच्या भरवशावर बसलेलो नाही. ताई अकोल्याला जाते, आता मीही जातो. तिच्या शेजारी बसून हार ओवतो. बाजारातले काही लोक हसतात. हसू देत. हातांना वास येतो फुलांचा, तो मी आता घासत नाही.

दादाचा निरोप येऊन गेला. येत्या पोळ्याला तोरणाला माळा लागतील, मान सोडू नका. मान म्हणे. बाबांनी निरोप्याला सांगितलं, "हात सुदरू द्या."

माळा जाणार नाहीत. पण आमचा बैल जाणार. मी रांगेत उभा राहणार, शेवटी नाही, जिथे जागा मिळेल तिथे. गड्याची झडती झाली की मी पुढे होणार आणि माझी म्हणणार. यमक मला जुळवता येत नाही. नाही जुळलं तरी चालेल. परतवाड्याहून काय आणलं, तालमीत दर शनिवारी काय होत होतं, ताईचं मनगट कुणी मोडलं, हे नावानिशी म्हणणार. गजर करायला कुणी तोंड उघडो न उघडो. कोणी मारलं आणि कोणाला लागलं, एवढं त्या तोरणाखाली मी मोठ्यानं सांगणार आहे.